भिंत पाडली, तिच्यावरच पेव्हर बसवले : कोपरीतल्या कामाच्या नोंदी

ठाणे पूर्वेला कोपरीत आमची चार मजली जुनी सोसायटी आहे. इमारत आणि मागची कुंपणभिंत यांच्यामध्ये ७८ फूट लांब, १० फूट रुंद बोळ आहे. तिथे स्कूटर लागतात, माणसं चालतात, क्वचित एखादी गाडी आत येते. पाण्याचा टँकर या बाजूला येत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी जाडी त्यावर ठरली आहे.

बोळातला कोबा फुटला होता, विटांची कुंपणभिंत कलली होती आणि जुनी पंपखोली पाडायची होती. या तिन्ही कामांचा राडा, म्हणजे मलबा, बाहेर न पाठवता त्याच बोळात पेव्हरखाली (फरसबंदीच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांखाली) भरायचा, असं मी कमिटीत मांडलं आणि काम अंगावर घेतलं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली. प्रत्यक्ष साइट ही पहिलीच.

५ एप्रिल २०२५, शनिवार

ठेकेदाराचा हिशेब हातात आला. राडा उचलायला चार डंपर, प्रत्येकी ४,५०० रुपये. पेव्हरखालच्या थरासाठी नवी खडी-मुरूम ७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), ब्रासला ४,२००. म्हणजे फक्त जुनं बाहेर काढून नवं आत आणायचे ४७,४०० रुपये. राडा नेणार कुठे, असं विचारल्यावर तो म्हणाला, "टाकू कुठेतरी, ताई, ती काळजी तुम्ही करू नका."

ती काळजी मला आहे. मीठबंदर रोडनं मी सकाळी फिरायला जाते. काल नव्हता असा ढीग आज कांदळवनाच्या कडेला दिसतो. त्यात कमोडचे तुकडे, टाइल, विटा असतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलं, आणि त्याच खाडीच्या काठावर आपल्या घरांच्या भिंती रात्री ओतल्या जातात. आमची भिंत तरी तिथे जाऊ नये, एवढंच मनात होतं.

मापं अशी: दबाई झाल्यावर ८ इंचांचा थर, ४ इंचांच्या दोन पाट्यांत, म्हणजे दोनदा वेगळा थर घालून. त्यावर सव्वा इंच वाळू आणि ६० मिलिमीटरचे पेव्हर. ७८ × १० × ८ इंच म्हणजे ५२० घनफूट, ५.२ ब्रास. दबल्यावर माल बसतो, म्हणून सुटा ६.८ ब्रास धरला. कोब्यातून आणि पंपखोलीच्या स्लॅबमधून साडेचार ब्रास काँक्रीट, आणि भिंतीतून साधारण ७ ब्रास वीट-मॉर्टर निघेल असा अंदाज. माल पुरून उरेल असं वाटलं. कागदावर पुरतच होता.

८ एप्रिल

काँक्रीट फोडायचा ब्रेकर लागला. वेळेवरून पहिलाच वाद झाला. एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस, गच्चीवर पापड-कुरडया पसरलेल्या आणि काँक्रीटची धूळ थेट वर. तळमजल्यावरच्या आजी खाली येऊन म्हणाल्या, "बाळ, तुझा रस्ता होईल गं, पण माझ्या कुरडया दातांखाली कचकचतील." त्यानंतर ब्रेकर सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ६, तोही पाण्याचा फवारा मारत. ही धूळ छातीत बसते. मजुरांना रुमाल पुरत नाही, चांगले मास्क आणून दिले आणि घालायला लावले.

पंपखोलीवर सिमेंटचे जुने पत्रे होते. ते ॲस्बेस्टॉसचे. मुकादम घणाने फोडून ढिगात टाकणार होता, पण वेळेत थांबवलं. ओले करून, अखंड उतरवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवले आणि धोकादायक कचरा नेणाऱ्यांकडे वेगळे दिले. हे पत्रे कधीही फोडू नका, भरावात तर मुळीच घालू नका.

१० ते १६ एप्रिल (१४ ला सुट्टी)

सहा दिवस, चार माणसं, माणशी ९००. एकूण २१,६००. सगळे पैसे निवडण्यात आणि फोडण्यात गेले.

तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचरा नियमांत मोठ्या कामांसाठी वर्गवारी सांगितली होती: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक, विटा आणि मॉर्टर. दिवसाला २० टनांहून जास्त किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा निघत असेल त्यांना ते बंधन होतं. आमचा सगळा ढीग चाळीसेक टनांचा, दिवसाला त्यातला थोडाच निघायचा, म्हणजे आम्हाला सक्ती नव्हती. पण कामाला हीच विभागणी सोयीची पडते, म्हणून चार ढीग घातले. पंपखोलीच्या खिडकीची दोन इंची वेल्डमेश जाळी चौकटीत बसवून तिरपी उभी केली. तिच्यावर फावड्यानं माल फेकायचा, वर राहील तो पुन्हा घणाखाली.

६०० विटा अख्ख्या निघाल्या, त्या रचून ठेवल्या. झाडांच्या आळ्यांना लागतील.

जाळीखालून पडलेला बारीक चुरा माझ्या डोळ्यांना मातीच दिसला. मी तो टाकाऊच्या ढिगात घालायला सांगितला. ही चूक पुढे २६ मेच्या नोंदीत सापडेल.

१९ एप्रिल

कोबा काढून खोदाई. वरचा भाग भरावाचा आहे, पण गटाराकडच्या शेवटच्या २४ फुटांत खाडीची काळी चिकणमाती लागली. फावड्याला लोण्यासारखी. तिथे मऊ माती काढता काढता खड्डा ठरल्यापेक्षा दोन-अडीच इंच जास्त खोल गेला. पाण्याची जुनी अर्धा इंची जीआय (लोखंडी) लाइन टिकावानं फुटली, अर्धा दिवस आणि प्लंबरचे १,४०० गेले.

खोदलेली माती नेण्याचा खर्च कोणत्याही पद्धतीत लागलाच असता, म्हणून तो या हिशेबात धरत नाही.

२४ एप्रिल

खालची पाटी भरली. काँक्रीटचा मोठा भाग वरच्या थरासाठी राखून ठेवला, त्यामुळे खालच्या थरात दोन भाग वीट-मॉर्टर आणि एक भाग काँक्रीट असं पडलं. प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबायचं यंत्र) भाड्यानं, दिवसाला १,५००. मी दुपारी दोन तास बँकेच्या कामाला गेले होते. परत आले तेव्हा पूर्ण बोळ दाबून तयार. वरून बघितलं तर सुंदर, घट्ट. मुकादम म्हणाला, "ताई, रॅबिट असं बसलंय की वरनं ट्रक न्या." रॅबिट म्हणजे हाच राडा.

२६ एप्रिल

रात्री बोळात पाणी सोडून ठेवलं होतं. सकाळी पहार घेऊन दर पाच फुटांवर टोचत गेले. पहिल्या ५४ फुटांत पहार इंचभर जाऊन ठण्णकन थांबते. गटाराकडच्या २४ फुटांत हातानं दाबली तरी सहा इंच आत. एका ठिकाणी टोक बाहेर काढलं तर त्याला पांढरा चिकट लगदा.

ते २४ फूट उकरून बघितले. तीन गोष्टी एकत्र झाल्या होत्या.

पहिली, खड्डा तिथे खोल होता, म्हणून माझ्या गैरहजेरीत सहा-सात इंचांचा थर एकदम ओतून एकदाच दाबला. ९० किलोची प्लेट चार इंचांच्या खाली फारसं काही करत नाही. वर कवच घट्ट, खाली सगळं सुटं.

दुसरी, पांढरा लगदा म्हणजे पीओपी, प्लास्टर ऑफ पॅरिस. कोणीतरी घरातल्या फॉल्स सीलिंगची पोती रात्री आमच्या ढिगावर रिकामी केली होती आणि ती विटांच्या प्लास्टरमध्ये मिसळून गेली. पीओपी कोरडं असताना खड्यासारखं कडक वाटतं, ओलं झालं की मऊ पडतं. त्यातलं सल्फेट ओलाव्यात जुन्या सिमेंटला भिडलं तर थर फुगतो, ते आणखी वेगळं. ओळखायचं सोपं आहे: खिळ्यानं ओरखडा काढा, पिठासारखी पांढरी भुकटी सहज सुटली तर बाहेर काढा.

तिसरी माझी. वीट कोरडी घातली. वीट पाणी पिते, चांगल्या विटेलाही वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत शोषण मानकात चालतं. दाबताना मारलेलं पाणी विटेनंच पिऊन टाकलं आणि बारीक माल कोरडाच राहिला. कोरडा माल एकमेकांत सरकत नाही, बसत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी मिळालं तेव्हा भरलेले कोपरे ढासळले.

मला रडू आलं, हे लिहिते. सहा दिवस निवडलेला माल पुन्हा ढिगात.

२८ आणि २९ एप्रिल

चार माणसं, दोन दिवस. २४ फुटांतलं सगळं बाहेर. तळाला मातीवर जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, १,२०० रुपये. चिकणमाती वर चढू नये आणि माल खाली रुतू नये, एवढंच त्याचं काम. या भागात वीट घालायचीच नाही असं ठरवलं, पण काँक्रीट कमी. शेजारच्या सोसायटीनं त्याच आठवड्यात आपला जुना काँक्रीटचा पदपथ उखडला होता. त्यांच्या सेक्रेटरीकाकांकडे गेले. "न्या की, उलट आमचा डंपर वाचेल," म्हणाले. हातगाडीनं ब्रासभर आणलं.

या वेळी पद्धत बदलली:

माल आदल्या रात्री भिजवून ठेवायचा. सकाळी मुठीत दाबून बघायचा. मूठ उघडल्यावर बारीक मालाचा गोळा टिकला पाहिजे आणि तळहात ओला व्हावा, पण पाणी टपकायला नको.

सुटा थर पाच इंचांपेक्षा जास्त नाही. भिंतीवर खडूनं रेघा मारल्या, म्हणजे मी नसले तरी रेघ आहे.

प्लेटच्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवून. कडेला प्लेट पोचत नाही तिथे हातानं धुम्मस.

३० तारखेला सकाळी पहार: कुठेच दीड इंचाच्या खाली गेली नाही.

३ मे

टाकाऊ माल तीन ब्रास झाला: पीओपी मिसळलेलं प्लास्टर, माती, टाइलचे चपटे गुळगुळीत तुकडे (एकमेकांवर घसरतात, दबत नाहीत) आणि तो बारीक चुरा. एक डंपर, ४,५००, महापालिकेच्या राडारोडा प्रक्रिया केंद्रात. डंपरसोबत मी स्वतः गेले. पावती फाइलला आहे.

५ ते १८ मे

काम बंद. मजूर लग्नांसाठी गावी. मे महिन्यात असं होतं हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, तरी मी वेळापत्रकात धरलं नव्हतं. पाऊस ११ जूनच्या आसपास, म्हणजे अजून हातात वेळ आहे असं स्वतःला सांगत राहिले.

या रिकाम्या दिवसांत एक बरं केलं. ढीग ताडपत्रीनं झाकला, दोरीनं बांधला आणि जिन्यात सूचना लावली: ढिगावर घरातलं काहीही टाकू नये, आमच्याकडे आणून द्यावं, आम्ही वेगळं ठेवू. दोन घरांनी खरंच आणून दिलं.

१९ ते २१ मे

वरची पाटी, फक्त काँक्रीट, दीड इंचापेक्षा मोठा तुकडा नाही. उतार दहा फुटांत अडीच इंच, इमारतीकडून गटाराच्या चरीकडे. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली. दोन्ही कडांना कर्बस्टोन (कडेचे ठोकळे) बसवून मागून काँक्रीटचा आधार दिला. पेव्हरच्या कडेला पक्का आधार नसेल तर खालचा थर कितीही चांगला असो, ठोकळे बाहेर सरकतात.

पेव्हर एम-३५ (काँक्रीटच्या ताकदीची प्रत), ६० मिलिमीटर. पेव्हरच्या मानकात हलक्या वाहतुकीला हेच आहे. तुमच्याकडे टेम्पो किंवा टँकर येत असेल तर ८० मिलिमीटर आणि एम-४० घ्या, आणि खालचा थरही आमच्यापेक्षा जाड करा.

२४ मे

वाळू अंथरून इमारतीकडच्या टोकापासून २०० चौरस फूट पेव्हर बसवले. बोळ पहिल्यांदाच बोळासारखा दिसला.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. नुसता वळीव नाही, मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान खात्यानं आजच जाहीर केलं. नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. उघड्या भागावर ताडपत्री टाकायला रात्री आम्ही पाच जण छत्र्या घेऊन उतरलो.

सकाळी पाहिलं तर, बसवलेल्या २०० चौरस फुटांत तीन खळगे, सगळ्यात खोल पाऊण इंच. आधी वाटलं पुन्हा खालचा थर गेला. खळग्यातले ठोकळे उचलले. खाली काँक्रीटचा थर जागच्या जागी, दगडासारखा. वाळूच नव्हती. सव्वा इंचाची वाळू काही ठिकाणी अर्ध्या इंचावर आलेली, बाकीची पाण्याबरोबर काँक्रीटच्या तुकड्यांमधल्या पोकळीत उतरलेली.

१६ एप्रिलचा तो बारीक चुरा इथे लागणार होता. फोडलेल्या काँक्रीटचा चुरा म्हणजे माती नव्हे. त्यात वाळू आहे, जुनं सिमेंट आहे, आणि मोठ्या तुकड्यांमधली जागा भरायला तोच हवा. मी तो पैसे देऊन बाहेर पाठवला.

जाळीखालचा माल माती की चुरा, हे आता असं बघते: बादलीत मूठभर टाकून ढवळायचं. पाणी मिनिटाभरात बऱ्यापैकी निवळलं आणि तळाला खरखरीत साका राहिला तर ठेवायचा. पाणी तासभर चहासारखं गढूळ राहिलं तर माती.

१ जून

उघडीप मिळाली. एक दिवस, चार माणसं. २०० चौरस फूट पेव्हर उचलले, वाळू खरवडून काढली. दगडाची डस्ट (बारीक भुकटी) दीड ब्रास, ३,५०० भावानं ५,२५० रुपये. ती पातळ पसरायची, झाडूनं फटींत लोटायची, प्लेट फिरवायची, थोडं पाणी मारायचं, पुन्हा पसरायची. चौथ्या वेळेला थरानं डस्ट घेणं थांबवलं. वर मोठ्या तुकड्यांचे फक्त माथे दिसले पाहिजेत, फट दिसता कामा नये. बादलीभर पाणी ओतलं तर ते वाहून गेलं, गडप झालं नाही. मग पूर्ण ७८ फूट असंच केलं.

इथे मुकादमाशी माझं पटलं नाही. त्याचं म्हणणं, डस्ट आलीच आहे तर पेव्हरखालीही तीच अंथरू, वाळूचे पैसे कशाला. आपल्याकडे बरेच ठेकेदार असंच करतात. पण डस्टमध्ये पिठासारखा भाग फार असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि आपल्या पावसात पेव्हरखाली त्याचा चिखल होतो, सांध्यांतून वर येतो. पोकळी भरायला डस्ट, गादीला धुतलेली खरखरीत वाळू. यावर मी हटले नाही.

११ जून

शेवटचा ठोकळा बसला. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून, प्लेटखाली रबरी चटई लावून दोन फेऱ्या. पावसात वाळू कोरडी मिळणं कठीण, पोती दोन दिवस जिन्यात पसरून ठेवली होती. शेजाऱ्यांनी सहन केलं, त्यांचे आभार.

२२ जून, हिशेब

बाहेर पाठवून नवं आणलं असतं तर ४७,४००.

आमचे: निवडणं-फोडणं २१,६००, पुन्हा केलेल्या कामाची मजुरी तीन दिवसांची १०,८००, त्याच तीन दिवसांचं प्लेटचं भाडं ४,५००, डस्ट ५,२५०, कापड १,२००, टाकाऊचा डंपर ४,५००. एकूण ४७,८५०. साडेचारशे रुपये जास्तच गेले. ब्रेकर, पेव्हर, वाळू, कर्ब आणि बसवण्याची मजुरी दोन्हींकडे सारखी, म्हणून धरलेली नाही.

सर्वसाधारण सभेत एकानं विचारलं, मग वाचलं काय? पुन्हा केलेल्या कामाचे १५,३०० गेले नसते आणि चुरा ठेवला असता, तर वीस हजारांच्या आसपास वाचले असते. ते माझ्या चुकांचे पैसे आहेत. पण तीन डंपर राडा आमच्या गेटाबाहेर गेला नाही आणि गेला तो कुठे उतरला हे मी पाहिलंय. हे मी सभेत सांगितलं, आणि ते मला पैशांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

२७ जुलै

धो धो पावसाचे दोन महिने झाले. दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी सगळीकडे लावून पाहिली. सगळ्यात मोठी फट ६ मिलिमीटर, तीही विटांच्या भागावर, स्कूटरचे स्टँड टेकतात त्या ओळीत. गटाराकडचे २४ फूट, जिथे सगळं उकरलं होतं, तिथे २ मिलिमीटर. पुन्हा करायचं झालं तर वीट एक तृतीयांशाच्या वर जाऊ देणार नाही, आणि स्कूटरच्या ओळीखाली अजिबात नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चरीच्या चेंबरमध्ये पांढरा पापुद्रा धरला आहे. जुन्या काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर उतरून तिथे साचतो. ब्रशनं निघाला. दर महिन्याला चेंबर उघडायला वॉचमनला सांगितलंय. असं पाणी झाडांच्या मुळाशी किंवा विहिरीकडे सोडू नका. आमच्या कडेच्या सोनचाफ्यापासून थर दोन फूट लांब ठेवला होता, तो बरा आहे, फुलतोय.

९ नोव्हेंबर

पावसाळा संपला. सांध्यांतली वाळू काही ठिकाणी अर्धा इंच खाली गेली होती, दोन घमेली वाळू झाडून भरली. खळगा नवीन एकही नाही.

ज्यांनी पदपथाचं काँक्रीट दिलं ते सेक्रेटरीकाका आले होते. त्यांची पार्किंगची भिंत जानेवारीत पाडायची आहे. जाळी मागायला आले होते. तिचा खालचा डावा कोपरा सुटलाय, वेल्डिंग करून मग द्यायची आहे, आणि तिच्यासोबत त्यांच्या मुकादमाला एक रिकामं पिंप: जाळीखालचा चुरा त्यात जमा करायला.